पोराचं वजन उतरवू नका, थांबवा: मुलांच्या लठ्ठपणाबद्दल साध्या भाषेत

मे २०२५ मध्ये सीबीएसईने त्यांच्या शाळांना परिपत्रक पाठवलं की शाळेत 'शुगर बोर्ड' लावा, म्हणजे कोणत्या कोल्ड्रिंकमध्ये आणि कोणत्या खाऊत किती साखर असते ते मुलांना येताजाता दिसेल असा फलक. मग जुलैत तेलाच्या बोर्डांची सूचना आली, त्यात नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन 'आता समोसा-जिलबीवर सिगरेटसारखी वॉर्निंग' अशा बातम्या फिरल्या, लोक चिडले, आणि शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की बाबांनो, अमुक पदार्थावर लेबल लावा असं आम्ही म्हटलेलंच नाही. या गदारोळात मूळ विषय बाजूला राहिला, तो म्हणजे आपल्या पोरांची वजनं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिसेफने सांगितलं की ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये जगभरात पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. आपला दक्षिण आशिया याला अजून अपवाद आहे, इथे कमी वजनाचीच मुलं जास्त. पण म्हणून निवांत बसावं असं काही नाही. महाराष्ट्राचे आकडे बघा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ ला १.९ टक्के होती, ती २०१९-२१ ला ४.१ टक्के झाली. आणि त्याच सर्वेक्षणात, त्याच महाराष्ट्रात, त्याच वयाची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. म्हणजे दोन्ही टोकं एकाच राज्यात, कधीकधी एकाच चाळीत.

लठ्ठ नक्की कोणाला म्हणायचं?

डोळ्यांनी बघून ठरवायचं नाही, ही पहिली गोष्ट. आपल्याकडे गुटगुटीत बाळाच्या स्पर्धा व्हायच्या, गाल ओढायला मिळाले की बाळ चांगलं पोसलंय असं आपण मानतो, आणि बाकीची सगळी मुलं थोडी जाड झाली की जाड मूल 'नॉर्मल' वाटायला लागतं.

मोजमापाचं नाव बीएमआय. वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा दहा वर्षांचा मुलगा आहे, उंची १४० सेंटीमीटर, वजन ४२ किलो. ४२ भागिले १.४ भागिले १.४ म्हणजे २१.४. आता हा आकडा मोठ्या माणसाचा असता तर एकदम छान. पण मुलांना मोठ्यांचा तक्ता लागू पडत नाही, कारण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आपोआप बदलत असतो. त्यासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, आणि त्यावर हा २१.४ वाला मुलगा जास्त वजनाच्या रेषेच्या वर जातो. तक्ता तुमच्या डॉक्टरांकडे असतो, मागा. लसीकरण संपलं की वजन-उंची नोंदवणं आपण बंदच करतो, तिथेच पहिली गडबड होते.

तक्ता नसेल तर घरी दोरी आहे. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला भिंतीला टेकून उभं करा, त्याच्या उंचीएवढी दोरी कापा, दोरी अर्ध्यात दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं आरामात जुळली तर ठीक. जुळत नसतील, मध्ये चार बोटं पोट दिसत असेल, तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि चरबी पोटावर साचतेय. फक्त हे मोजमाप घरातल्या सगळ्यांचं करा, बाबांचंसुद्धा. एकट्या पोराला उभं करून मोजलंत तर ते त्याच्या कायम लक्षात राहील.

पण आमचं मूल तर बारीकच आहे

इथे जरा थांबूया, कारण हा भाग आपला आहे, पुण्यातच सापडलेला.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, दुपटीहून जास्त! दिसायला दोघंही सडपातळ.

याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांचाही अभ्यास केला. तिथलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडच्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बरंच लहान होतं, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे काडीसारखं दिसणारं मूलही आतून चरबीवालं असू शकतं. म्हणूनच मघाच्या त्या भारतीय तक्त्यांमध्ये मोठेपणी बीएमआय २३ ला पोचणारी रेषा म्हणजे 'जास्त वजन' आणि २७ ला पोचणारी म्हणजे 'लठ्ठ' असं धरलंय, तर पाश्चात्त्यांकडे हेच आकडे २५ आणि ३० असतात.

दिल्लीतही एक लांबलचक अभ्यास झाला, १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा, ती मोठी होईपर्यंत. ज्यांची साखर तरुणपणी वाढलेली निघाली ते दोन वर्षांचे होईपर्यंत उलट बारीक होते, आणि मग त्यांचं वजन भराभर चढत गेलं. बाराव्या वर्षी बघणाऱ्याला ते लठ्ठ वाटलेही नसते. तेव्हा मूल आत्ता किती जाड आहे यापेक्षा, दरवर्षीचा बीएमआय तक्त्यावर मांडून जुळवलेली त्याची रेष तिथल्या छापील रेषा ओलांडत वर चढतेय का, हे बघायचं. मागच्या वर्षी मधल्या रेषेवर होतं आणि यंदा दोन रेषा ओलांडल्या, तर दिसायला बारीक असलं तरी विचारा. (पहिल्या दोन वर्षांत बाळाचं दूध-खाणं कमी करा असा अर्थ कृपया कोणी काढू नका, त्या वयात पोषण पुरेपूर हवं.)

शरीरात आत काय होतं

खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन रक्तात येते, आणि ती पेशींच्या आत न्यायचं काम इन्सुलिन नावाचं हॉर्मोन करतं. इन्सुलिन म्हणजे दाराची बेल समजा. बेल वाजली की पेशी दार उघडते, साखर आत घेते. आता दिवसभर दर अर्ध्या तासाला कोणी ना कोणी बेल वाजवत राहिलं आणि घर आधीच सामानाने भरलेलं असलं तर घरातले लोक काय करतात, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग बाहेरचा आणखी जोरात वाजवतो. शरीरही तेच करतं, जास्त जास्त इन्सुलिन सोडतं, आणि याला डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. सामान यकृतात साचतं तेव्हा फॅटी लिव्हर, आणि बेल वाजवणारा दमला की डायबेटिस. पूर्वी जो फक्त मोठ्यांचा आजार मानला जायचा तो टाइप टू डायबेटिस आता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमध्येही दिसतो.

याची बाहेरून दिसणारी एक खूण आहे आणि ती कित्येक घरांमध्ये चुकीच्या कारणासाठी घासली जाते. मानेच्या मागे, कधी काखेत, कातडी काळपट आणि जाडसर होते, मखमलीसारखी लागते. आई म्हणते नीट अंघोळ करत नाही, आजी डाळीचं पीठ आणि साय लावून रगडते, मूल कळवळतं आणि मान काही उजळत नाही. तो मळ नसतोच. जास्तीचं इन्सुलिन कातडीवर तसा परिणाम करतं, त्यामुळे घासायचं सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. वजन आटोक्यात आलं की ते बरंचसं फिकं होतं.

साखर येते कुठून? आम्ही तर मिठाई देत नाही!

जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली हवी, ५ च्या खाली असेल तर उत्तम. उष्मांक म्हणजे कॅलरी, अन्नातली ऊर्जा मोजायचं माप. सीबीएसईच्या त्या परिपत्रकात म्हटलंय की ४ ते १० वयाची मुलं १३ टक्के घेतात आणि ११ ते १८ ची १५ टक्के. हे चमच्यात आणूया. मुलाला दिवसाला १६०० कॅलरी लागतात असं धरलं तर ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने पाच चमचे. १३ टक्के म्हणजे ५२ ग्रॅम, तेरा चमचे.

तेरा चमचे कसे होतात बघा. सकाळी दुधात चॉकलेटवाली पावडर आणि वर एक चमचा साखर कारण 'त्याशिवाय पीतच नाही', डब्यात जॅम-पोळी, शाळेतून आल्यावर क्रीमची बिस्किटं, संध्याकाळी क्लासला जाताना आंब्याच्या चवीचं पेय, रात्री पराठ्याशी सॉस. यात मिठाई कुठेच नाही आणि कोटा मात्र केव्हाच संपलाय. २५० मिलीच्या एका कोलाच्या बाटलीतच साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे दिवसाचा सगळा हिशोब एका बाटलीत आटोपला.

पुडा घेताना मागची बाजू वाचायची सवय लावा, पुढच्या बाजूला फक्त फोटो असतात. दोन गोष्टी बघायच्या. घटक पदार्थ नेहमी जास्त ते कमी अशा क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असेल तर ओळखा, आणि लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही पण तिचीच भावंडं. दुसरं म्हणजे 'पर सर्व्ह' हा रकाना. तिथे दोन बिस्किटांचा आकडा असतो, आणि दोन बिस्किटं खाऊन उठणारं पोर मी तरी बघितलेलं नाही. १०० ग्रॅमचा रकाना वाचा.

आणि 'हेल्थ ड्रिंक' म्हणाल तर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. आणखीही नियम आहेत, एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी आहे. तुमच्या शाळेबाहेरच्या टपरीवर लटकलेल्या माळा बघा आणि तुम्हीच मीटर मोजा.

उंची वाढली की आपोआप उतरेल ना?

हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचाच आपल्याला उपयोग करून घ्यायचाय. मघाचाच मुलगा घ्या, १४० सेंटीमीटर आणि ४२ किलो. त्याची उंची १५० होईपर्यंत, म्हणजे साधारण दोनेक वर्षं, वजन ४२ वरच राहिलं तर बीएमआय येतो १८.७, आणि बारा वर्षांच्या मुलाला तो अगदी ठीक आहे. एक किलोसुद्धा कमी न करता! वाढत्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा डॉक्टर हेच सांगतात की वजन उतरवायच्या मागे लागू नका, थांबवा किंवा वाढीचा वेग कमी करा, उंचीला पुढे जाऊ दे. फार जास्त वजन असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर ठरवतील.

उरलेलं अर्धं खोटं कारण काहीच बदललं नाही तर उंचीबरोबर वजनही वाढतच राहतं, किंबहुना पुढे पळतं.

म्हणून मुलांना क्रॅश डाएट, भात बंद, पोळी बंद, रात्री फक्त सूप, असलं काही करू नये. हाडं आणि स्नायू वाढायचं वय असतं ते. आणि घरात सगळे श्रीखंड-पुरी खातायत आणि एकट्या त्याच्यापुढे काकडी, हे बघून तर मलाच रडू येईल.

थायरॉइड असेल, नाहीतर आमच्या घराण्यातच आहे

थायरॉइड किंवा दुसऱ्या हॉर्मोनच्या आजाराने वाढलेलं वजन मुलांमध्ये फार कमी सापडतं, आणि त्याची एक खूण म्हणजे अशा मुलांची उंची खुंटते. खाण्यापिण्याने जाड झालेलं मूल उलट वर्गात उंचच असतं. तेव्हा जाड पण उंच असेल तर थायरॉइडवर खापर फोडू नका. जाड आणि बुटकं असेल, उंची वाढतच नसेल, तर मात्र तपासणी हवीच.

घराण्याचं म्हणाल तर जनुकांचा वाटा मोठा आहे यात वाद नाही. पण भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती ती २०२२ मध्ये सव्वा कोटी झाली, आणि तीस वर्षांत आपली जनुकं काही बदललेली नाहीत. बदललं ते किराणा, मोबाइल, मैदान आणि झोप.

आमच्या लहानपणी आम्हीही तूप-साखर-पोळीची गुंडाळी खायचो हेही खरंय, पण ती खाऊन जे घराबाहेर पडायचो ते दिवेलागणीला कोणीतरी हाका मारेपर्यंत परत यायचो नाही.

मग घरात करायचं काय

मुलाचं वेगळं काही करायचं नाही, घराचं करायचं. चिप्सचा मोठा पुडा डब्यात भरून ठेवायचा आणि मग मुलाला 'हात लावू नकोस' म्हणायचं, हे मोठ्या माणसालाही जमत नाही. जे रोज नकोय ते किराण्याच्या यादीतच नको. कधीतरी खायचं असेल तर सगळे मिळून बाहेर जाऊन खा, मजेत खा, आणि घरी या. वडापावचा धसका घ्यायचं कारण नाही, रोजचं काय आहे ते महत्त्वाचं.

जेवणाच्या बाबतीत एक वाटणी उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. आपण बरोब्बर उलटं करतो, काय हवं ते मुलाला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो. 'एवढा एक घास चिऊचा', 'ताटात टाकायचं नाही', 'दोन पोळ्या झाल्याच पाहिजेत' असं वर्षानुवर्षं ऐकून मुलाला पोट भरल्याचं कळायचंच बंद होतं, आणि समोर मोबाइल असेल तर काय खाल्लं तेही कळत नाही. त्यावर साधा उपाय असा की पहिल्यांदा कमी वाढा, परत मागितलं तर परत वाढा. आणि जेवताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, ऑफिसच्या ग्रुपवर कितीही आग लागली असली तरी.

ताटाबद्दल, आपल्या मराठी ताटात पोळी आणि भात एवढे पसरतात की वरण आणि भाजी कोपऱ्यात जातात. मोड आलेल्या मटकीची उसळ, कोशिंबीर, दही, अंडं यांना जागा वाढवा, पोळी-भात आपोआप कमी होतात. मधल्या वेळेला फुटाणे-शेंगदाणे, पेरू, उकडलेलं कणीस, उरलेल्या वरणाचं थालीपीठ, पातळ ताक. ही काही महाग यादी नाही. आणि तहान लागली की पाणी. फळाचा रस नाही, फळ.

दोघं नोकरीला असलेल्या घरात हे जमत नाही, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. डोंबिवली-बदलापूरला राहणारी आई साडेआठच्या पुढे घरी पोचते, तोवर पोर दोनदा बिस्किटं खाऊन बसलेलं असतं आणि जेवण दहाला. तिथे रोज ताजी उसळ करा असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे. अशा घरात एकच गोष्ट हलवा: मुलाचं जेवण साडेसात-आठला आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशींबरोबर, सकाळचीच पोळी-भाजी असली तरी चालेल, आणि आई-बाबा आल्यावर त्यांच्याबरोबर नुसतं बसायचं. एवढ्यानेही संध्याकाळची बिस्किटं कमी होतात आणि झोप लवकर लागते.

झोप हा विषय घरोघरी दुर्लक्षित. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सव्वासहाची स्कूलबस आणि रात्री साडेअकराला दिवे बंद, हिशोब करा. झोप कमी पडली की भूक वाढवणारं हॉर्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं, मग दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं हवंसं वाटतं.

आणि खेळ. रोज किमान ६० मिनिटं धाप लागेल असं काहीतरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी महागडी अकॅडमी लागत नाही, लगोरी, डॉजबॉल, सायकल, लंगडी, काहीही चालतं. लागते ती जागा, आणि ती आपणच बंद केलीय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'येथे खेळण्यास सक्त मनाई' चा बोर्ड कोणी लावला, आपल्याच कमिटीने. पुढच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीच्या विषयाबरोबर संध्याकाळी सहा ते साडेसात गाड्या हलवून मुलांना जागा द्यायचा विषयही घ्या. भांडणं होतील, होऊ देत.

त्याला जाड म्हटलं तर तो मनावर घेईल, असं नाही का?

मनावर घेतो, पण उलट. ज्या मुलांना वजनावरून चिडवलं जातं त्यांचं वजन पुढे जास्त वाढतं असं अभ्यासांमध्ये दिसलंय, कारण ती लपून खातात आणि मैदानावर जाणं टाळतात. ढोल्या, टुणटुण, बटाटा ही नावं लाडाची नसतात, घरच्यांनी ठेवली तरी. लग्नात भेटलेल्या काकूंनी सगळ्यांदेखत 'अगं किती सुटलीय ही!' म्हटलं तर तिथल्या तिथे आईने विषय बदलावा, आणि काकूंशी नंतर बोलावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

तक्त्यावर रेष चढत असेल तर सरळ नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे, जिम किंवा पावडरवाल्यांकडे नाही. वजन जास्त आहे, घरात डायबेटिस आहे किंवा मान काळी पडलीय आणि मूल दहाच्या पुढे आहे, तर डॉक्टर साखर, यकृत आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या सांगतील, ब्लड प्रेशरही बघतील. वजनाच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली पालक विचारतात. अमेरिकेत त्यातल्या एका औषधाला बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण ते विशेषज्ञांनी निवडक मुलांना द्यायचं औषध आहे, ओळखीच्या केमिस्टकडून आणायचं नाही.

रोज रात्री घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, मुलीची पाळी काही महिने बंद असेल, खूप तहान लागून सारखी लघवी होत असेल, तर थांबू नका. आणि जाड मूल अचानक लंगडायला लागलं, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणालं, तर 'वजनामुळे दुखत असेल' म्हणून तेल चोळत बसू नका. खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं, त्या पायावर भार न देता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा.